फादर थॉमस स्टीफन्स आणि लोकभाषेतील उपासना

पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत काम करणाऱ्या धर्मगुरूला वा धर्मशिक्षकाला एक अनुभव हमखास येतो. सायंकाळची प्रार्थना आटोपून तो चर्चच्या पायऱ्या उतरू लागतो, तेव्हा जवळच्या देवळातून टाळ-पखवाजाच्या साथीवर मराठी अभंगाचे सूर कानी पडतात. गाणारे कोणी पंडित नसतात. कोणी शेतकरी असतो, कोणी दुकानदार, कोणी शाळामास्तर. घरात ते कोकणी बोलतात, परंतु देवापुढे उभे राहिले की मराठी गातात. या गायनासाठी त्यांना पुस्तक लागत नाही, कारण ते त्यांना मुखोद्गत असते. अशा वेळी मनात प्रश्न येतो : आपल्या भाविकांना असे काही कधी लाभले होते काय? पूजाविधी संपल्यावरही ओठांवर राहील असे, स्वतःच्या भाषेतले, स्वतःच्या चालीतले?

या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. ते उत्तर ४०० वर्षांहून जुने असून गोव्याच्याच भूमीत लिहिले गेले आहे. ते ज्याने लिहिले त्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव आपण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आदराने घेतो. मराठी भाषेचा गौरव करणाऱ्या त्यांच्या चार-दोन ओव्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. परंतु त्यांनी केलेले कार्य मूलतः उपासनेच्या क्षेत्रातील होते, याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. त्या दृष्टीने त्यांच्याकडे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

विटेनबर्ग आणि ट्रेंट

उपासनेचा सुधारक म्हटले की प्रथम मार्टिन लूथर यांचे नाव डोळ्यांपुढे येते, आणि ते योग्यच आहे. १५२३ साली त्यांनी मिस्साविधीची जी पहिली सुधारित मांडणी केली ती लॅटिन भाषेतच होती. पुढे १५२६ मध्ये त्यांनी जर्मन भाषेतील मिस्साविधी प्रसिद्ध केला. दरम्यान १५२४ मध्ये योहान वाल्टर या संगीतकाराच्या साहाय्याने भक्तिगीतांचा संग्रह निघाला होता. लॅटिनचा त्यांनी समूळ त्याग केला नाही; शिकणाऱ्या तरुणांसाठी ती राहावी असेच त्यांचे मत होते. मात्र सामान्य माणसाने चर्चमध्ये येऊन केवळ प्रेक्षक होऊन बसावे, हे त्यांना मान्य नव्हते.

लूथर यांच्या विचारातील एक सूत्र विशेष मननीय आहे. लॅटिन शब्दांचे भाषांतर करायचे आणि ते जुन्या लॅटिन चालीतच बसवायचे, ही त्यांना नक्कल वाटे. शब्द, स्वर, आघात आणि गाण्याची रीत ही सर्व मातृभाषेच्या पोटातूनच आली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. लोकभाषेतील उपासना म्हणजे निव्वळ भाषांतर नव्हे, हे त्यांनी ओळखले होते.

या चळवळीमुळे कॅथलिक ख्रिस्तसभेपुढे जो प्रश्न उभा राहिला, त्याला ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १७ सप्टेंबर १५६२ रोजी भरलेल्या २२ व्या सत्रात उत्तर दिले. मिस्सा सर्वत्र लोकभाषेत साजरी करणे परिषदेच्या आचार्यांना इष्ट वाटले नाही. परंतु त्याच परिच्छेदात त्यांनी धर्मगुरूंना असेही बजावले की, मिस्सेत जे वाचले जाते त्याचा अर्थ, विशेषतः रविवारी व सणावारी, लोकांना वारंवार समजावून द्यावा, म्हणजे ख्रिस्ताची मेंढरे उपाशी राहणार नाहीत. आपल्याकडील देवळाची उपमा द्यायची तर गाभाऱ्याची भाषा बदलली नाही. पण सभामंडप मोकळा राहिला. त्या मोकळ्या सभामंडपात काय करता येते, हे फादर स्टीफन्स यांनी करून दाखविले.

विल्टशायर ते साष्टी

स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. वडील लंडनचे व्यापारी होते. राणी एलिझाबेथच्या काळात कॅथलिक धर्म पाळणे धोक्याचे झाले होते. स्टीफन्स यांचे स्नेही थॉमस पाउंड यांना त्यापायी सुमारे ३० वर्षे बंदिवास भोगावा लागला. स्टीफन्स रोमला गेले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. ४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून निघाले व २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास पोहोचले. या प्रवासाचे वर्णन करणारे त्यांनी वडिलांना लिहिलेले पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले. भारतात स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांचा उल्लेख करतात.

गोव्यात त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि उर्वरित आयुष्याचा बहुतेक काळ त्यांनी साष्टी महालात घालविला. १५८३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी आपल्या भावाला पत्र लिहिले. त्यात येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी जुळते असे निरीक्षण त्यांनी नोंदविले आहे. युरोपातील भाषापंडित या साम्याकडे वळण्यापूर्वी सुमारे २०० वर्षे साष्टीतील एका धर्मगुरूने ते हेरले होते. ज्याला परक्या भाषेत आपल्या भाषेची भगिनी दिसते, तो त्या भाषेला तुच्छ लेखू शकत नाही.

त्यांच्या ग्रंथरचनेत एक भेद स्पष्ट दिसतो आणि धर्मशिक्षकांनी तो मुद्दाम लक्षात घ्यावा. मुलांना धर्मशिक्षण देण्यासाठी त्यांनी जे संवादरूप पुस्तक रचले ते कोकणीत आहे; त्यांच्या निधनानंतर १६२२ मध्ये ते रायतूर (राशोल) येथे छापले गेले. त्यांनी लिहिलेले व्याकरणही कोकणीचेच आहे. फादर दियोगु रिबैरु यांनी त्यात भर घातली आणि १६४० मध्ये तेथेच ते प्रसिद्ध झाले. परंतु मोठ्या पुराणासाठी मात्र त्यांनी मराठीची निवड केली आणि साध्या माणसाला समजावे म्हणून तीत ठिकठिकाणी कोकणी शब्द मिसळले. घरातली भाषा धर्मशिक्षणाला आणि लोकांच्या भक्तीची भाषा स्तवनाला, असा हा विवेक होता. कोकणी की मराठी या वादात दोन्ही पक्ष स्टीफन्स यांना आपल्याकडे ओढतात. स्वतः स्टीफन्स यांना मात्र एक भाषा घेण्यासाठी दुसरी टाकावी लागली नाही.

ज्यांचे पुराण गेले होते

ख्रिस्तपुराणाच्या आरंभीचा एक प्रसंग सर्वांनी वाचावा असा आहे. साष्टीतील चर्चमध्ये पाद्रीगुरू मुलांना धर्मशिक्षण देत असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण पुढे येतो. आपल्या पूर्वजांपाशी मनोरंजन व बोध करणारी पुराणे होती. ती आता आपल्याला वर्ज्य झाली. मग त्यांच्या जागी नवे काही आम्हांला का दिले जात नाही, अशा अर्थाची विनंती तो करतो. पाद्रीगुरूंना ती पटते आणि त्यातून कथा सुरू होते.

हा प्रसंग काव्यातील असला तरी त्यामागील वस्तुस्थिती काल्पनिक नव्हती, आणि ती आपण झाकून ठेवता कामा नये. बारदेश आणि साष्टी हे महाल १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय स्थापन झाले. १५६६-६७ च्या सुमारास साष्टीतील देवळे पाडण्यात आली. लोकांपाशी असलेले धर्मग्रंथ हिरावून घेण्यात आले. १५८३ च्या जुलैमध्ये कुंकळ्ळी येथे गावकऱ्यांनी पाच येशूसंघीयांना ठार केले, आणि पुढे त्या गावच्या प्रमुखांना विश्वासघाताने मारण्यात आले. स्टीफन्स हे त्या वेळी याच साष्टीत होते. ज्या सत्तेने जुने पुराण नेले, त्याच सत्तेच्या छायेत ते नवे पुराण लिहीत होते.

याच काळाची दुसरी बाजू डिचोली तालुक्यात आजही पाहायला मिळते. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे देवस्थान १६ व्या शतकात उद्ध्वस्त झाले, तेव्हा भक्तांनी देवाला नदीपलीकडे नार्वे येथे नेले. डिचोलीचा हा मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता. तेथील मंदिराचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. नदी एकच, पलीकडे गेलेल्यांचे पुराण त्यांच्याबरोबर गेले, आणि अलीकडे राहून ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांचे पुराण तुटले. तो ब्राह्मण जे मागत होता, त्यात किती वेदना साठलेली होती, हे नार्वेच्या घाटावर उभे राहिले म्हणजे समजते.

स्टीफन्स यांनी त्या व्यवस्थेविरुद्ध आवाज उठविला असे म्हणण्यास आधार नाही. परंतु एक गोष्ट त्यांनी निश्चित केली. त्यांनी मागणाऱ्याचे ऐकले. त्याचा प्रश्न त्यांनी उद्धटपणा मानला नाही. उलट त्यालाच आपल्या ग्रंथाचे प्रवेशद्वार केले.

ओवीतील ख्रिस्त

ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे प्रथम छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीची निर्मिती, मानवाचे पतन, संदेष्टे आणि तारणाऱ्याची प्रतीक्षा हा जुन्या कराराचा विषय येतो. दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. दोन्ही मिळून ९५ अध्याय, म्हणजे कवीच्या शब्दात ‘अवस्वरू’, आणि जवळजवळ ११,००० ओव्या आहेत. रविवारी व सणाच्या दिवशी चर्चमध्ये जमलेल्या श्रद्धावंतांपुढे वाचता यावे यासाठी हा ग्रंथ रचला होता. ट्रेंटने धर्मगुरूंवर सोपविलेली स्पष्टीकरणाची जबाबदारी येथे काव्याच्या रूपाने पार पाडलेली दिसते.

त्यांनी निवडलेला छंद महत्त्वाचा आहे. ओवी हा ज्ञानेश्वरीचा छंद, तसाच जात्यावर बसलेल्या बाईचाही. तिला वाद्यवृंद लागत नाही, स्वरलिपी लागत नाही. ऐकणाऱ्याच्या कानात ती आधीच असते. स्टीफन्स यांनी लॅटिन स्तोत्रांचे मराठी भाषांतर करून ते ग्रेगरीय चालीत बसविले असते तरी त्या काळी त्यांची वाहवा झाली असती. तसे त्यांनी केले नाही. शब्द आणि चाल दोन्ही मातृभाषेच्या पोटातून यावीत, हे लूथर यांचे सूत्र रायतूरच्या या कॅथलिक धर्मगुरूने स्वतंत्रपणे आचरणात आणले. दोघांना जोडणारा ऐतिहासिक दुवा शोधण्याची गरज नाही. लोकांवर प्रेम करणारा मेंढपाळ वेगळ्या वाटेनेही त्याच पाणवठ्यावर येतो.

शब्दयोजनेतही त्यांनी असाच विचार केलेला दिसतो. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द ते नि:संकोचपणे वापरतात. ‘मुक्ती’, ‘परमेश्वर’ हे शब्द त्यांच्या लेखणीतून सहज येतात. परंतु संस्कारांची नावे आणि पवित्र आत्म्याचे नाव मात्र ते पोर्तुगीज वा लॅटिन वळणाचेच ठेवतात. जेथे लोकांच्या शब्दाने अर्थ पोहोचतो तेथे तो शब्द, आणि जेथे श्रद्धेचा विशेष आशय हरवण्याची भीती तेथे परंपरेतील शब्द, अशी ही मर्यादा होती. ती प्रत्येक ठिकाणी योग्य पडली असे नाही. तथापि ज्याला आपण आज संस्कृत्यनुरूपता म्हणतो, तिचा हा प्रामाणिक आरंभ होता.

त्यांची एक इच्छा मात्र अपूर्ण राहिली. १६०८ मध्ये त्यांनी रोम येथील संघप्रमुखांना पत्र लिहून देशी लिपीत पुस्तके छापण्याची अनुमती मागितली होती. देशी लिपीचे खिळे तयार झाले नाहीत आणि ग्रंथ रोमन लिपीत निघाला. १६१९ साली स्टीफन्स निवर्तले.

बंदी, आणि बंदीबाहेरचा प्रदेश

त्यांच्या नंतर काही काळ ही परंपरा चालू राहिली. फादर एतियन द ला क्रुवा यांनी संत पेत्रावर असेच मोठे पुराण रचले. फादर अंतोनियु द साल्दान्य यांनी संत अंतोनीवर ग्रंथ लिहिला. पण पुढे वारा फिरला. २७ जून १६८४ रोजी विजरई काउंट आल्व्हर यांनी फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. १७३६ मध्ये धर्मन्यायालयाने आणखी एक हुकूम काढला. त्यात ख्रिस्ती लोकांच्या रीतिरिवाजांवर अनेक बंधने घातली गेली आणि लग्नात ओव्या गाण्यासही मनाई झाली. ज्या छंदात एका धर्मगुरूने ख्रिस्ताचे चरित्र गायिले, तो छंद १२० वर्षांनंतर ख्रिस्ती घरातल्या लग्नमंडपात गुन्हा ठरला. लोकांच्या मुखातून उपासना कशी नाहीशी होते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण दुसरे नाही.

पेडणे आणि डिचोली हे प्रदेश या काळात त्या सत्तेबाहेर होते. पण तेथे ख्रिस्तसभेचा इतिहासच नव्हता असे समजू नये. दिवाडीचे सुपुत्र मातेउश द काश्त्रु हे १६३७ मध्ये बिशप झाले. आदिलशाही मुलखाचे प्रेषितीय प्रतिनिधी या नात्याने त्यांनी डिचोलीला आपले केंद्र केले. देशी माणसाला गुरुदीक्षेत पूर्ण मान मिळावा यासाठी ते आयुष्यभर झगडले. उपासनेच्या भाषेइतकाच उपासना चालविणाऱ्याचा प्रश्नही खरा आहे, हे त्यांचे चरित्र सांगते.

डिचोली व सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे आले. तोवर काळ बदलला होता आणि या नव्या काबिजादीत लोकांचे धर्म व रीतिरिवाज पाळण्याचे आश्वासन देण्यात आले. म्हणूनच येथील भजन, कीर्तन आणि पुराणकथन अखंड राहिले. संतकवी सोहिरोबानाथ आंबिये यांचे घराणे पेडण्यातील पाल्ये गावचे. १८ व्या शतकात, ज्या काळी जुन्या काबिजादीत ओवीवर बंदी होती, त्याच काळी काही कोसांवर त्यांच्या मराठी पदांची परंपरा बहरत होती. आज आपल्याला देवळातून जे सूर ऐकू येतात, ते या न तुटलेल्या धाग्याचे आहेत. आपला धागा तुटला, आणि तो कोणा परक्याने नव्हे, ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्या अधिकाऱ्यांनीच तोडला.

वारसा

ख्रिस्तपुराणाच्या गोव्यात छापलेल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो गोव्याबाहेर. गोव्यातून दक्षिण कानडात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली आणि त्यांच्या आधारे जे. एल. साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे तो पुन्हा छापला. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली तो पुण्यात देवनागरीत प्रसिद्ध झाला. स्टीफन्स यांच्या इच्छेचा एक भाग साडेतीन शतकांनी अशा रीतीने पूर्ण झाला. नंतर फादर कारिदाद द्रागो आणि फादर नेल्सन फाल्काव यांनीही त्याच्या आवृत्त्या सिद्ध केल्या.

महाराष्ट्रात हाच प्रश्न नारायण वामन टिळकांपुढे आला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीला प्रॉटेस्टंट मंडळ्यांतील भाषांतरित गीते परकी वाटली. अभंग आणि कीर्तन त्यांनी ख्रिस्ताच्या चरणी वाहिले. स्टीफन्स कॅथलिक, टिळक प्रॉटेस्टंट. दोघांमध्ये तीन शतकांचे अंतर आहे, परंतु निदान एकच आहे. शेवटी द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र उपासनेसंबंधीचे संविधान जाहीर केले. त्याने गाभाऱ्यातही लोकभाषेला वाव दिला आणि प्रत्येक लोकसमाजाच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान द्यावे असे सांगितले. लूथर यांनी मागितलेले बरेच काही आणि स्टीफन्स यांनी सभामंडपात पेरलेले बरेच काही त्या दिवशी अधिकृत झाले.

परंतु अनुमती मिळणे वेगळे आणि उपासना लोकांच्या ओठांवर येणे वेगळे. आपण पुष्कळदा भाषांतरावर समाधान मानतो. शब्द आपले, पण चाल उसनी. वाक्य आपले, पण श्वास परका. स्टीफन्स यांनी प्रथम ऐकले, मग लिहिले. धर्मशिक्षकाने त्यांच्यापासून घ्यावयाचा पहिला धडा हाच आहे : आपल्या लोकांना कशाची उणीव भासते, हे त्यांनाच विचारावे. दुसरा धडा असा की, मुलाला शिकविताना त्याच्या घरची भाषा सोडू नये आणि स्तुती करताना त्या भूमीची भक्तीची भाषा परकी मानू नये. तिसरा धडा नम्रतेचा आहे. जे पुराण आपल्याच हातांनी हरवले, ते शेजाऱ्याच्या देवळातील सुरांमुळे आज आपल्याला आठवते. त्या शेजाऱ्याकडे अहंकाराने पाहण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

काही वर्षांपूर्वी उपवासकाळात एका संध्याकाळी मी दहा-बारा कुटुंबांना एकत्र बसवून ख्रिस्तपुराणातील दु:खसहनाचा भाग वाचून दाखविला. जुन्या भाषेतील कित्येक शब्द त्यांना कळले नाहीत. ते मी मधूनमधून समजावून देत होतो. वाचता वाचता, फारसा विचार न करता, मी ओवीची चाल धरली. तेव्हा मागे बसलेली एक वृद्धा, मूळची बारदेशची, एकदम म्हणाली, “पाद्री, ही आमच्या रोसाची वोवी न्हय?” लग्नाच्या आदल्या दिवशी नारळाचा रस लावताना तिच्या आईने आणि आजीने जी चाल म्हटली होती, ती तिने ओळखली होती. मनाईहुकूम निघाले, पुस्तके नष्ट झाली, तरी चाल तिच्या घरातून गेली नव्हती.

त्या संध्याकाळी पुढच्या ओव्या मी वाचल्या नाहीत. मी शब्द सांगत गेलो आणि ती म्हणत गेली.